पडद्याचं भोक

"माझ्या पोरीच्या फोटोला ब्रश लागनार न्हाई," असं नाना मामांसमोर छाती काढून बोलले आणि तिथंच माझं वाटोळं झालं. बढाया मारणाऱ्या माणसाच्या घरी मुलीनं जन्मालाच येऊ नये. आलीच, तर त्याच्या धंद्यापासून चार हात लांब राहावं. मला ते जमलं नाही, कारण मी त्या धंद्यातच वाढले.

नाना म्हणजे माझे वडील. तिसगावात बाजाराच्या रस्त्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत भिंतीवर रंगवलेलं कापड, त्यावर एक तळं आणि बदकांसारखे दिसणारे हंस. समोर स्टूल, स्टुलावर प्लास्टिकची फुलं. जमिनीवर खडूनं एक फुली मारलेली होती, मुलीनं तिच्यावर उभं राहायचं. मागच्या खोलीत अंधार करून फोटो धुवायचे, ते काम बारावी झाल्यापासून माझ्याकडं होतं. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. रंगीत रोल धुवायला नगरला जात, पण स्थळासाठी दाखवायचे मुलींचे फोटो नाना अजून काळे-पांढरेच काढत. ते घरी धुता येत आणि त्यांच्यावर टचिंग करता येई.

टचिंगमध्ये नानांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. कांजिण्यांचे व्रण, मुरूम, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, बारीक ब्रश आणि शिसपेन्सिल घेऊन बसले की सगळं नाहीसं करत. मुलींचे बाप म्हणूनच त्यांच्याकडं येत. मुलांचे बापही हे ओळखून होते आणि तिसगावचा फोटो हातात पडला की निम्मं रूप वजा करूनच बघत. आज मला या सगळ्याचं हसू येतं. तेव्हा आमचं घर त्याच्यावर चालत होतं.

मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. लग्नं जुळवायची त्यांना भारी हौस. माझ्यासाठी त्यांनी संगमनेरचं स्थळ आणलं. मुलगा दूध संघात नोकरीला, घरी पाण्याखालची जमीन. आमच्या कोरड्या मुलखातल्या मुलीला नदीकाठचं घर मिळतंय म्हटल्यावर आई हरखून गेली, आणि खरं सांगायचं तर मीही. मला जायचं होतं. फोटो धुवायच्या औषधांचा आंबट वास, दाराला ठोकलेली काळी चादर आणि नानांचा आरडाओरडा सोडून मी कुठंही जायला तयार होते. आणि हे तर चांगलं स्थळ होतं.

मामा म्हणाले होते, "दाजी, फोटो तेवढा खरा द्या. तुमच्या हातचा फोटो म्हनलं की पाव्हनं हसत्यात."

नानांना ते झोंबलं, म्हणून ते ब्रशाचं वाक्य.

मामांना दुपारची एसटी गाठायची होती. त्यांच्या देखतच मला फुलीवर उभं केलं. नानांनी कॅमेरा उभा धरला, हनुवटी वर घे, खाली घे, हसू नको, रडू नको, असं सगळं झालं आणि फोटो निघाला. रोल मीच धुतला. प्रिंट पाण्यातून वर आली तेव्हा माझ्या डाव्या गालावर, कानाच्या खाली, ज्वारीच्या दाण्याएवढा पांढराशुभ्र ठिपका होता.

"नाना, गालावर काय आलंय?"

"उजेड पडलाय," ते म्हणाले.

ब्रश त्यांच्या हाताशी होता. शाईची वाटी उघडी होती. त्यांनी एकदा ब्रशाकडं पाहिलं, एकदा दारात चहा पीत बसलेल्या मामांकडं पाहिलं, आणि प्रिंट तशीच वाळत घातली. दहा मिनिटांत मामा ती वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेले. दुसऱ्यांच्या मुलींचं नाक सरळ करून देणाऱ्या माझ्या बापाला स्वतःच्या मुलीच्या गालावर एक थेंब शाई टाकता आली नाही, कारण दाजी-मेव्हण्यांत शब्द खाली पडला असता.

संगमनेरहून काही उत्तर आलं नाही. मग एक दिवस मामाच आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, चहा प्यायले, पावसापाण्याचं बोलले. शेवटी आईनंच विचारलं.

"पोरगी चांगली हाय म्हनत्यात," मामा म्हणाले. "पन तिला कोड हाय म्हनत्यात."

आईच्या हातातली बशी खाली पडली नाही. ती फक्त माझ्याकडं बघत राहिली. कोडानं काही दुखत नाही, ते दुसऱ्याला लागत नाही, हे आता पोरंसोरंही सांगतात. तेव्हाही ते खरंच होतं, पण खरं असून उपयोग नव्हता. एका मुलीला कोड आहे म्हटलं की तिच्या पाठच्या बहिणीकडंही लोक वाकडी मान करून बघत. आणि मला पाठची बहीण होती, बारावीची परीक्षा देऊन घरी बसलेली.

ही बातमी आमच्या आधी सगळीकडं पोचली. कोल्हारच्या मावशीनं निरोप धाडला की इकडं एका लग्नात बायका बोलत होत्या, खरं काय ते कळवा. गावात गिरणीवर गेले की बायका माझ्याशी बोलताना डाव्या गालाकडं बघत. गाल स्वच्छ दिसे. मग गळ्याकडं बघत, मग हातांकडं. कुठंच काही दिसलं नाही की त्यांची खात्रीच पटे. एक जण मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "अंगावर आसंल. पावडर काय थोडी मिळती का बाजारात?" त्या बाईला लवकर मरण येऊ नये आणि आलं तर सावकाश यावं, असं मी तेव्हा म्हटलं होतं. अजूनही म्हणते.

कामात मात्र खंड नव्हता. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परत आल्या की आमच्याकडं लग्नांची घाई सुरू होते. स्टुडिओत रोज मुली येत, फुलीवर उभ्या राहत. एका दुपारी मी त्यांच्या प्रिंट पाण्यातून काढून तारेवर लावत होते. एकीच्या गालावर ठिपका होता. दुसरीच्याही. तिसरीच्या कपाळाजवळ होता, कारण ती बुटकी होती. एरवी अंधाऱ्या खोलीत मी प्रिंट भराभर धुऊन नानांकडं सरकवत असे, तोंडं निरखत नसे. मी पेटी उघडून माझ्या आधी येऊन गेलेल्या मुलींच्या फोटोंच्या जादा प्रती काढल्या आणि खिडकीशी तिरप्या धरून बघितल्या. प्रत्येकीच्या तोंडावर त्याच जागी शाई भरलेली होती. नानांनी त्या हंगामातल्या एकूण एक मुलीचा ठिपका झाकला होता. म्हणजे माझा फोटो काढला तेव्हाही हा ठिपका कुठून येतो हे त्यांना माहीत होतं. मला राग आला.

मी कॅमेरा उचलला. तो माझ्या जन्माआधी नानांनी जुन्यातला घेतलेला, आम्हा दोघी बहिणींहून लाडका. त्याच्या पोटात काळ्या रबरी कापडाचा एक पडदा असतो. बटण दाबलं की तो क्षणभर सरकतो, फिल्मवर उजेड पडतो, आणि पुन्हा अंधार. मी मागचं झाकण काढलं, भिंग उघड्या दाराकडं केलं आणि आत डोळा लावला. पडद्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढा उजेड चमकत होता. त्या भोकातून फिल्मवर उजेड शिरे आणि फोटोत पांढरा ठिपका उमटे. आडव्या फोटोत तो मांडवाच्या कनातीवर नाही तर कुणाच्या पांढऱ्या टोपीवर जाई, कुणाला कळत नसे. कॅमेरा उभा धरला की नेमका मुलीच्या तोंडावर.

भिंगाचं टोपण हरवल्यापासून नाना कॅमेरा तसाच काउंटरवर ठेवत, पश्चिमेच्या दाराकडं तोंड करून. लहानपणी त्यांनीच मला भिंगाखाली कागद जाळून दाखवला होता. उन्हानं पडदा जाळला होता, दुसरं काही नाही.

नाना आले तेव्हा मी कॅमेरा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी आत बघितलंसुद्धा नाही.

"बाहेर बोलायचं न्हाई," ते म्हणाले. "सीझन हाय. लोक म्हनतील, भोक पडलेला कॅमेरा घेऊन फिरतोय."

"आन् माझं?"

"तुझं बघू. सांगू मामाला. सीझन होऊ दे."

नगरला नेऊन नवा पडदा बसवायलाही ते तयार होईनात. दुरुस्तीच्या दुकानात सगळ्या तालुक्यांचे फोटोग्राफर बसलेले असत, कुणी ना कुणी बघितलंच असतं. म्हणून ते काम घरात करायचं ठरलं, आणि नानांना चष्मा लावूनही भोक नीट दिसत नव्हतं म्हणून ते मी करायचं ठरलं. माझ्या तोंडाला ज्यानं काळं फासलं ते यंत्र मीच नीट करायचं, गुपचूप. मी केलंही. भोक बुजलं की माझा नवा फोटो निघेल, तो स्वच्छ येईल आणि सगळं मिटेल, एवढी मी खुळी होते.

सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोल्युशन आणलं. चिमणीवर बशी धरून काजळी धरली आणि दोन्ही एकत्र कालवलं. आगकाडीचं टोक तासून सुईसारखं केलं. पडदा इतका पातळ की श्वास लागला तरी हलायचा. पहिल्या वेळी लेप जाड बसला. पडदा गुंडाळला जाताना चिकटला आणि अर्ध्यातच अडकून राहिला. नानांनी माझ्या आईबापांचा उद्धार केला, त्यातला बाप आपण स्वतः आहोत हे विसरून. मग पेट्रोलमध्ये कापूस बुडवून मी तो लेप हळूहळू पुसून काढला आणि पुन्हा बसले. या वेळी फक्त ओलसर ठिपका टेकवला, वाळू दिला, वर अजून एक. शेवटी चिकटू नये म्हणून बोटानं चिमूटभर टाल्कम पावडर फिरवली आणि फुंकरीनं उडवली. पडदा सर्रकन सरकला. उन्हासमोर धरून बघितलं तर आत ठार काळोख. भोक कुठं होतं ते मलाही सापडेना.

नवा फोटो निघाला. गाल अगदी स्वच्छ. मामा तो घेऊन गेले आणि पुढच्या आठवड्यात तोच परत घेऊन आले.

"आता टचिंग केलं म्हनत्यात, दाजी."

मी दारात उभी होते. एक वाक्य, "पहिल्या फोटोत कॅमेऱ्याचा दोष होता," एवढं ते बोलले असते तर मामा ते पंचक्रोशीत पसरवायला समर्थ होते. नानांनी सुपारी कातरली आणि मामांपुढं केली.

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. भोक, ऊन, सोल्युशन, काजळी. तिनं ऐकून घेतलं आणि जेवायला वाढताना नानांना विचारलं, "कॅमेऱ्याला भोक हुतं व्हय?"

"कसलं भोक?" नाना म्हणाले आणि भाकरी मोडली.

मी त्यांच्याकडं बघत होते, ते माझ्याकडं बघत नव्हते. आईच्या पोटात काही राहत नाही, ती गावभर करील, असं त्यांनी मला नंतर बाजूला घेऊन समजावलं. मी त्यांच्या ताटात थुंकले नाही याचं मला आजही वाईट वाटतं. आईनं मात्र नानांचा शब्द धरला. एवढा मोठा माणूस खोटं कशाला बोलेल? दुसऱ्या दिवशी ती पाथर्डीला जाऊन जडीबुटीवाल्याकडून बावचीचं तेल घेऊन आली.

"मला काही झालेलं नाही," मी ओरडले.

"झालं नसंल तर औषधानं काय वाकडं हुनार हाय?" आई म्हणाली. "आन् सुरू हुनार आसंल तर थांबंल तरी. धाकटीकडं बघ जरा." आणि ती रडायला लागली. आईच्या रडण्यापुढं माझं काही चालत नसे, हे तिलाही माहीत होतं.

तेल गालाला चोळून सकाळच्या उन्हात बसायचं, असं त्या माणसानं सांगितलं होतं. थोडा वेळ बसायचं की बराच वेळ, हे आईनं विचारलं नव्हतं. तिनं मला घराच्या धाब्यावर नेऊन बसवलं, डावा गाल उन्हाकडं करून, आणि स्वतः समोर बसून राहिली, मी उठू नये म्हणून. वैशाखातलं ऊन. पहिल्या दिवशी नुसती आग झाली. आई म्हणाली, गुण येतोय. दोन-तीन दिवसांत गाल सुजला, फोड आला, फुटला. साल निघाली तेव्हा खाली फिकट गुलाबी कातडी होती आणि तिच्याभोवती काळपट कड. गुलाबी रंग हळूहळू पांढरा होत गेला. आईनं मग तेलाची बाटली उकिरड्यावर टाकली. आरसा बघून मी किंचाळले होते, एवढं मला आठवतं. आता त्या गालाची मला सवय झाली आहे, तो माझाच आहे.

त्याच सुमारास कोल्हारच्या मावशीनं एक स्थळ पाठवलं. मुलगा बिजवर होता, पहिली बायको आजारानं गेलेली. त्यामुळं ते लोक ऐकीव गोष्टींवर जाणार नव्हते, स्वतः येऊन बघणार होते. नानांना माझा गाल रोज दिसत होता, ते पाहुण्यांना नको म्हणू शकले असते. त्यांनी नको म्हटलं नाही.

मी पोहे घेऊन गेले. मुलाच्या आत्यानं मला जवळ बसवलं, पाण्याच्या तांब्यात लुगड्याचा पदर बुडवला आणि सगळ्यांसमोर माझा गाल घासला. मग बोटानं कातडी ओढून बघितली.

"ह्ये कोड न्हाई," ती म्हणाली. "औषधानं भाजलंय. पन काय झाल्याबिगर औषध कोन लावंल?"

आणि तेव्हा, त्या भरल्या बैठकीत, नानांना वाचा फुटली. कॅमेऱ्याला भोक होतं, ठिपका भोकाचा होता, पोरगी निर्मळ होती, हे सगळं ते भडाभडा बोलले. खरं बोलत होते. शब्दन्शब्द खरा होता. मुलाचे वडील माझ्या गालाकडं बघत ऐकत होते. त्यांच्या ओठांवर हसू होतं, आणि ते वाईट माणूस नसावेत, कारण ते त्यांनी मिशीआड लपवलं.

"दाखवतोच," म्हणत नाना धावत जाऊन कॅमेरा घेऊन आले. झाकण काढलं, भिंग दाराकडं केलं आणि पाहुण्यांच्या डोळ्याला लावलं. आत ठार काळोख होता.

"कुठं हाय भोक?"

"बुजवलं. हिनंच बुजवलं."

"व्हय का," पाहुणे म्हणाले आणि कॅमेरा अलगद खाली ठेवला.

धाकटी दारात चहाचं तबक धरून उभी होती, तिला आत येऊ की नको कळत नव्हतं. नानांनी तिच्याकडं पाहिलं. ते बघणं मी ओळखत होते. फुलीवर नवी मुलगी उभी राहिली की ते तसं बघत, उजेड कुठून येतोय ते.

"ही धाकटी," ते म्हणाले. "हिच्या अंगावर काय न्हाई. आत नेऊन बघा पाहिजे तर."

आत्या उठली आणि तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. दार लागलं. आई चुलीपाशी बसून होती, ती उठली नाही. थोड्या वेळानं दार उघडलं, धाकटी पदर सावरत माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. लग्न तिथंच ठरलं. तिला कुणी विचारलं नाही, आणि मलाही आता कुणी विचारणार नव्हतं.

मागाहून मावशीकडून निरोप आला की त्यांच्या भावकीत चर्चा नको, थोरलीला जरा मागंच ठेवा, फोटोबिटोत घेऊ नका. हा निरोप मला कुणी सांगितला नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी नानांनी कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. चार लोकांत त्यांनी तो कधी कुणाच्या हातात दिला नव्हता.

"आज तू काढ," म्हणाले. "मला बापाचं काम हाय."

मला बरं वाटलं. काय सांगू, अगदी फुलून गेले मी. अक्षता, हार, मानपान, सगळं काढत सुटले. शेवटी दोन्ही घरांचा एकत्र फोटो काढायला सगळ्यांना मांडवात उभं केलं, मधे नवरा-नवरी, एका बाजूला त्यांची माणसं, एका बाजूला आमची.

"घरची समदी आली का?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"ताई राहिली," धाकटी म्हणाली.

"समदी आल्यात," नाना म्हणाले, आणि कॅमेऱ्याकडं बघून मला म्हणाले, "काढ गं."

मी बटण दाबलं.